चेंडू हवेत नको

३ सप्टेंबर २०२२, शनिवार. अमेरिकेतल्या आयोवा सिटीचं किनिक स्टेडियम. हंगामाचा पहिला सामना, आणि पाहुणा संघ साउथ डकोटा स्टेटचा, म्हणजे कॉलेज फुटबॉलच्या एक पायरी खालच्या गटातला. मोठी विद्यापीठं अशा संघांना पैसे मोजून बोलावतात, भरपूर गुणांनी हरवतात आणि हंगामाचा नारळ फोडतात. त्या दिवशी सामना संपला तेव्हा फलकावर आकडे होते ७-३. आयोवा जिंकला होता.

अमेरिकन फुटबॉल पाहणाऱ्याला सात हा आकडा नेहमीचा. टचडाउनचे, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलपट्टीत नेल्याचे, सहा आणि त्यानंतरच्या लाथेचा एक. ज्यांनी नुसता निकाल वाचला त्यांना वाटलं असेल, चला, एक टचडाउन तरी झालं. तेही झालं नव्हतं. आयोवाने एक फील्ड गोल मारला, म्हणजे लाथेने चेंडू दोन खांबांमधून पाठवला, त्याचे तीन. उरलेले चार गुण आले दोन सेफ्ट्यांमधून. चेंडू घेतलेला खेळाडू स्वतःच्याच गोलपट्टीत पाडला गेला तर पाडणाऱ्या संघाला दोन गुण मिळतात, त्याला सेफ्टी म्हणतात. आयोवाच्या बचावपटूंनी हे एका सामन्यात दोनदा केलं. म्हणजे ज्यांचं काम गुण अडवण्याचं, त्यांनी गुण मिळवणाऱ्यांपेक्षा जास्त गुण मिळवले. आयोवाचा क्वार्टरबॅक स्पेन्सर पेट्रस याने दिवसभरात २५ पास टाकले, ११ आपल्या माणसांच्या हाती पोचले, एक समोरच्यांनी पळवला, आणि या सगळ्या खटाटोपातून १०९ यार्ड मिळाले. प्रेक्षक आपल्याच संघाची हुर्यो उडवत होते.

क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर संघ ९० धावांत गारद झाला, पण गोलंदाजांनी समोरच्यांना ७५ वर उखडलं. एकदा झालं तर गंमत म्हणून सोडून देता येईल. आयोवात ते वर्षानुवर्षं चाललं, आणि संघ वर्षानुवर्षं जिंकत राहिला. ही गोष्ट म्हणूनच सांगण्यासारखी आहे. हरणाऱ्या संघाला पास टाकता येत नाही यात नवल नाही. जिंकणाऱ्याला येत नाही, आणि तो शिकतही नाही, हे नवल.

खेळाची जुजबी ओळख करून घेऊ, कारण आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की पायाने खेळायचा चेंडूच डोळ्यांपुढे येतो. हा चेंडू दोन्ही टोकांना निमुळता, हातात धरून पळायचा किंवा फेकायचा. मैदान १०० यार्डांचं. चेंडू ज्याच्याकडे, त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकला तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांचा. प्रत्येक प्रयत्न म्हणजे कबड्डीतली एक चढाई समजा, फक्त अकराच्या अकरा गडी एकदम चढाईला निघालेले. पुढे जायचे रस्ते दोन. चेंडू पोटाशी धरून माणसांच्या भिंतीतून पळा, किंवा क्वार्टरबॅकने तो लांब पळणाऱ्या साथीदाराकडे फेकावा. तीन प्रयत्न फुकट गेले की चौथ्यात बहुतेक संघ चेंडूला लाथ घालून तो शक्य तितका दूर पाठवतात. हा पंट. एरवी पंट म्हणजे हार मानणं. आयोवात त्याला तसं मानत नाहीत, त्याकडे नंतर येऊ.

पासबद्दलची भीती मात्र आयोवाची एकट्याची नाही. ती पासइतकीच जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा खेळ नुसता रेटारेटीचा होता, आणि त्यात तरुण मुलं खरोखर मरत होती. १९०५ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून हा प्रकार आवरा असं सांगितलं. पुढच्या वर्षी नियम बदलले आणि चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली. ५ सप्टेंबर १९०६ रोजी सेंट लुइस विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने पहिला कायदेशीर पास टाकला. तो कुणाच्याही हाताला न लागता जमिनीवर पडला, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे चेंडू थेट प्रतिस्पर्ध्यांना द्यावा लागला. त्याच सामन्यात रॉबिन्सनच्या पुढच्या एका पासवर टचडाउन झालं हे खरं, पण जुन्या वळणाच्या प्रशिक्षकांनी लक्षात ठेवला तो पहिला. त्यांच्यात एक बोल आहे, कुणी तो ओहायो स्टेटच्या वुडी हेज यांच्या नावावर सांगतं, कुणी टेक्ससच्या डॅरेल रॉयल यांच्या. पास टाकला की तीनच गोष्टी होऊ शकतात, आणि त्यातल्या दोन वाईट. आपल्या माणसाने झेलला तर ठीक. खाली पडला तर प्रयत्न वाया. समोरच्याने झेलला तर वाटोळं.

आता आयोवा. मिसिसिपी आणि मिझुरी या दोन नद्यांच्या मधलं, मका, सोयाबीन आणि डुकरं पिकवणारं राज्य. लोकसंख्या ३२ लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम जिल्ह्याएवढी. मराठी साहित्याच्या वाचकाला आयोवा सिटी हे नाव वेगळ्या कारणाने ठाऊक असेल: दिलीप चित्रे १९७५ मध्ये तिथल्या इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅमसाठी गेले होते. जगभरचे लेखक जिथे येऊन राहतात त्याच गावात शरद ऋतूतल्या शनिवारी रस्ते काळ्या-पिवळ्या कपड्यांनी भरून जातात. संघाचं नाव हॉकाइज. हेल्मेटवर एक छोटा गोल स्टिकर असतो, त्यावर तीन अक्षरं: एएनएफ. अमेरिकेला शेतकरी हवेत, या अर्थाच्या इंग्रजी वाक्याची ती आद्याक्षरं. १९८५ मध्ये शेतकरी कर्जात बुडत होते, जमिनींचे लिलाव होत होते, तेव्हा त्या वेळचे प्रशिक्षक हेडन फ्राय यांनी तो स्टिकर लावला. शेजारच्या मिनेसोटाशी सामना असतो त्याचं बक्षीस म्हणजे ब्राँझचं डुक्कर. जिंकणारा संघ ते धूड उचलून मैदानभर मिरवतो.

या राज्यात फुटबॉलसाठी काय पिकतं, हे आधी समजून घ्यायला हवं. उंच, रुंद, कष्टाला न कुरकुरणारी मुलं पिकतात. शेतावर वाढलेला, अठराव्या वर्षी १०० किलोचा पोरगा इथे पाच वर्षांत १४० किलोचा भिंतीसारखा गडी होतो. हरणासारखे पळणारे, चेंडू हवेत टिपणारे रिसीव्हर मात्र फ्लॉरिडा, टेक्सस, कॅलिफोर्नियात पिकतात, आणि नोव्हेंबरातल्या गारठ्यात येऊन वर्षाला वीस चेंडू झेलायची हौस त्यांच्यातल्या फार थोड्यांना असते. रानात येतं ते पीक घ्यावं, हे शहाणपण शेतकऱ्याचंच.

म्हणून आयोवाला कधीच पास टाकता येत नव्हता असं मात्र कुणी म्हणू नये. त्याच फ्राय यांच्या काळात चक लाँग नावाचा क्वार्टरबॅक होता. डिसेंबर १९८४ मध्ये फ्रीडम बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात त्याने टेक्सससारख्या बलाढ्य संघाविरुद्ध सहा टचडाउन पास टाकले, आयोवाने ५५-१७ अशी धूळ चारली. पुढच्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी हाइझमन ट्रॉफी त्याच्या हातून थोडक्यात निसटली. माती तीच, गारठा तोच. फ्राय यांच्या हाताखाली तेव्हा आघाडीच्या फळीचा, म्हणजे क्वार्टरबॅकपुढे उभ्या राहणाऱ्या त्या पाच भिंतींचा प्रशिक्षक होता एक तरुण माणूस. त्याचं नाव कर्क फेरेंट्झ.

फेरेंट्झ १९९९च्या हंगामापासून आयोवाचे मुख्य प्रशिक्षक आहेत. आजच्या कॉलेज फुटबॉलमध्ये दोन-तीन हंगाम वाईट गेले की प्रशिक्षकाला नारळ देतात. तिथे एवढी वर्षं टिकणं हीच एक कर्तबगारी. हा माणूस खेळ पाहतो तो फळीतून. पाच माणसांनी पाच माणसांना रेटलं की उरलेलं आपोआप होतं, अशी त्यांची श्रद्धा. त्या श्रद्धेचं सगळ्यात लख्ख उदाहरण २३ ऑक्टोबर २००४चं. पेन स्टेटच्या मैदानावर आयोवा ६-२ असा पुढे. चौथ्या सत्रात चेंडू आयोवाच्या स्वतःच्या गोलपट्टीजवळ अडकलेला. तिथून पंट मारताना घोटाळा झाला तर थेट टचडाउन बसलं असतं. फेरेंट्झ यांनी मुद्दाम सेफ्टी दिली. चार गुणांची आघाडी आपण होऊन दोनवर आणली, कारण आपला बचाव उरलेली आठेक मिनिटं एकही गुण देणार नाही याची त्यांना खात्री होती. निकाल ६-४. बेसबॉलचा शोभेल असा.

गंमत अशी की त्याच हंगामाचा शेवट एका पासने झाला. १ जानेवारी २००५, कॅपिटल वन बोल, समोर एलएसयू, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठ. घड्याळात काही सेकंद उरलेले, आयोवा मागे. क्वार्टरबॅक ड्रू टेटने चेंडू फेकला, वॉरन हॉलोवेने तो पकडला आणि ५६ यार्डांचं टचडाउन झालं, वेळ संपता संपता. ३०-२५. हॉलोवेच्या सगळ्या कॉलेज कारकिर्दीतलं ते एकमेव टचडाउन. आयोवात कुणाच्याही घरी जा, त्या पासची गोष्ट तिखटमीठ लावून ऐकायला मिळते. पण गोष्ट सांगणारे सांगतात ती चमत्काराची म्हणून. रोजच्या भाकरीत तिला जागा नव्हती.

रोजची भाकरी कशी होती ते जरा जवळून पाहू. क्वार्टरबॅक फळीच्या अगदी मागे वाकून चेंडू घेतो. फळीतले पाचही जण एकदम एका बाजूला सरकतात, जणू कुणी दार सरकवलं. मागून धावणारा त्या सरकत्या दारामागे पळतो आणि फट दिसली की घुसतो. हे इतक्या वेळा करायचं की समोरच्या बचावपटूंच्या अंगवळणी पडावं: दार सरकलं की पुढे झेपावायचं. मग एखाद्या वेळी तेच सगळं करायचं, चेंडू धावणाऱ्याच्या पोटाशी नेल्यासारखा दाखवायचा आणि काढून घ्यायचा. बचावपटू दोन पावलं पुढे आलेले असतात. त्यांच्या पाठीमागे जागा मोकळी होते आणि तिथे आयोवाचा टाइट एंड, फळीच्या कडेला उभा राहणारा तो उंच गडी, येऊन थांबलेला असतो. सोपा पास. आयोवाचं सगळं पासिंग त्या दोन पावलांवर उभं होतं.

पळणं बोथट झालं की ती दोन पावलं पडत नाहीत. २०२१ नंतर तेच झालं. देशातला सर्वोत्तम सेंटर, म्हणजे फळीच्या मधोमधला गडी, टायलर लिंडरबॉम व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेला, फळी कच्ची राहिली, धावणाऱ्याला फट मिळेना. या डावपेचात क्वार्टरबॅकला चेंडू देण्याचं नाटक करताना मैदानाकडे पाठ करावी लागते. आता तो नाटक उरकून वळून बघतो तर ज्यांना फसवायचं ते जागच्या जागी उभे, झेलायला गेलेला साथीदार त्यांच्या घोळक्यात, आणि १३५ किलोचा कुणीतरी दीड हातावर आलेला. अशा वेळी जगातला कुठला क्वार्टरबॅक चांगला दिसेल? पेट्रसला लोकांनी फार बोल लावला. माझ्या मते त्याच्या वाट्याला त्याच्या चुकीपेक्षा मोठा दोष आला. बाकीचे संघ क्वार्टरबॅकला मागे मोकळं उभं ठेवून, मैदान रुंद करून, चार-चार रिसीव्हर पसरवून खेळत होते. आयोवा जुनंच दार सरकवत राहिला.

झेलणारे नव्हते, हे कारण नेहमी पुढे केलं जातं. अर्धंच खरं. जॉर्ज किटल आयोवात असताना सगळ्या कारकिर्दीत मिळून ४८ पास झेलू शकला. पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोकडून २०१८च्या एका हंगामात त्याने ८८ झेलले आणि १,३७७ यार्ड मिळवले, तेव्हाचा टाइट एंडचा विक्रम. टी. जे. हॉकन्सन आणि नोआ फँट हे दोघं टाइट एंड २०१९ मध्ये एकाच वर्षी व्यावसायिक संघांच्या निवडीत पहिल्या फेरीत निवडले गेले. म्हणजे माल चांगला होता, पोत्यातून बाहेर काढणारा नव्हता. आणि चार्ली जोन्सचं उदाहरण तर आयोवाच्या चाहत्यांना आजही टोचतं. २०२१ मध्ये आयोवाकडून खेळताना त्याने अख्ख्या हंगामात २१ पास झेलले. पुढच्या वर्षी तो पर्ड्यूला गेला. त्याच बिग टेन गटात, त्याच थंडीत, बऱ्याच अंशी त्याच बचावांसमोर त्याने ११० झेलले, १,३६१ यार्ड काढले. माणूस तोच. बदललं होतं ते त्याच्याकडे चेंडू येण्याचं प्रमाण.

आता घरातल्या गोष्टीकडे येऊ. २०१७ पासून आयोवाच्या आक्रमणाचे सूत्रधार होते ब्रायन फेरेंट्झ, कर्क यांचे चिरंजीव. नात्यातल्या माणसावर थेट हुकमत नको, असा विद्यापीठाचा नियम. त्यावर तोड अशी काढली की ब्रायन यांनी वडिलांऐवजी क्रीडा संचालक गॅरी बार्टा यांना जबाबदार असावं. कागदावर नियम शाबूत. सहकारी साखर कारखाने आणि शिक्षणसंस्था पाहिलेल्या मराठी वाचकाला हा कागद ओळखीचा वाटेल. ब्रायन स्वतः खेळले होते तेही फळीतच. २०२२ मध्ये क्वार्टरबॅकना शिकवायचं कामही त्यांच्याकडेच आलं. त्या वर्षी देशातल्या १३१ संघांत आयोवाचं आक्रमण शेवटून दुसरं होतं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये विद्यापीठाने ब्रायन यांच्या करारात बदल केला. पगार ९ लाख डॉलरवरून साडेआठ लाखांवर. पुढचा करार हवा असेल तर संघाने किमान सात सामने जिंकावेत आणि दर सामन्याला सरासरी २५ गुण काढावेत. १३ सामन्यांचा हिशेब धरला तर ३२५ गुण. बचावाने पळवलेल्या चेंडूवरचं टचडाउनही त्यात धरायचं. गवंड्याचं काम मोजताना शेजारच्याने बांधलेली भिंतही मोजावी तसा हा प्रकार. देशभरच्या पत्रकारांना आणि चाहत्यांना आयतं खेळणं मिळालं. दर शनिवारी सामन्याच्या निकालाच्या आधी लोक बघू लागले: ३२५ला किती उरले?

तो हंगाम वाचला तर आजही विश्वास बसत नाही. मिशिगनहून आलेला नवा क्वार्टरबॅक केड मॅकनमारा सप्टेंबरअखेर गुडघा फुटून बसला. दोन चांगले टाइट एंड, ल्यूक लॅशी आणि एरिक ऑल, दुखापतींनी गेले. हे दुर्दैव, आणि ते हिशेबात धरलंच पाहिजे. पण मॅकनमारा धडधाकट असतानाच पेन स्टेटविरुद्ध ३१-० अशी हार झाली होती आणि त्या संपूर्ण सामन्यात आयोवाला ७६ यार्ड मिळाले होते. पळून आणि पास टाकून, दोन्ही मिळून.

१४ ऑक्टोबरला विस्कॉन्सिनमध्ये बदली क्वार्टरबॅक डीकन हिलने १४ पैकी ६ पास पोचवले, एकूण ३७ यार्ड. आयोवा १५-६ असा जिंकला. दुसऱ्या दिवशी, रविवारी, किनिक स्टेडियमच्या मैदानावर लाकडी फळ्या अंथरून महिलांचा बास्केटबॉलचा मैत्रीपूर्ण सामना ठेवला होता. आयोवा विरुद्ध डीपॉल. थंडी होती, तरी ५५,६४६ लोक आले. केटलिन क्लार्कने ३४ गुण काढले, ११ रीबाउंड घेतले आणि १० वेळा असा पास दिला की साथीदाराने थेट टोपलीत टाकला. देशातली सगळ्यात देखणी पास देणारी खेळाडू आयोवाचीच होती, आणि त्याच मैदानावर उभी होती. खेळ तेवढा दुसरा होता.

आठवड्याने मिनेसोटा आला. १२-१० अशी पिछाडी, शेवटची दीड मिनिटं. कूपर डीजीन याने मिनेसोटाचा पंट उचलला आणि सरळ टचडाउनपर्यंत पळाला. स्टेडियम वेडं झालं. मग पंचांनी चित्रफीत तपासली आणि म्हटलं, चेंडू उचलण्याआधी याने डावा हात हलवला, तो पंट झेलून थांबण्याचा चुकीचा इशारा ठरतो, त्यामुळे पळणं बाद. डुक्कर मिनेसोटाला गेलं. चाहते पंचांवर अजून चिडलेले असतात. मला वाटतं, त्या दिवशी विचारायचा प्रश्न दुसरा होता: घरच्या मैदानावर अख्खा सामना हातात असताना एका माणसाच्या डाव्या हातावर सगळं का येऊन ठेपावं?

३० ऑक्टोबरला बार्टा यांच्या जागी आलेल्या हंगामी क्रीडा संचालक बेथ गोएट्झ यांनी जाहीर केलं की हंगामानंतर ब्रायन फेरेंट्झ राहणार नाहीत. संघाची कामगिरी त्या दिवशी काय होती? सहा विजय, दोन पराभव. त्यानंतर आयोवाने सलग चार सामने जिंकले: १०-७, २२-०, १५-१३, १३-१०. सट्टेबाज आयोवाच्या सामन्यांत दोन्ही संघांचे मिळून होणारे गुण ३०च्याही खाली धरू लागले होते. गटाच्या अंतिम सामन्यात मिशिगनने २६-० असं हरवलं, नववर्षाच्या दिवशी टेनेसीने ३५-०. चौदा सामन्यांत एकूण गुण २१६, सरासरी १५.४. आक्रमणात १३३ संघांमध्ये अखेरचा क्रमांक. आणि विजय दहा.

हे कसं जमलं याची उत्तरं दोन माणसांत आहेत. एक, बचावाचे सूत्रधार फिल पार्कर. ज्या हंगामात ब्रायन यांची नोकरी गेली त्याच हंगामात पार्कर यांना देशातल्या सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाचा ब्रॉइल्स पुरस्कार मिळाला. दुसरा टोरी टेलर, मेलबर्नहून आलेला पंट मारणारा. ऑस्ट्रेलियन नियमांचा फुटबॉल खेळत वाढलेला हा माणूस चेंडूला अशी लाथ घालायचा की तो समोरच्या गोलपट्टीच्या तीन-चार यार्ड अलीकडे पडून तिथेच लोळत राहायचा. आयोवाचे साथीदार धावत येऊन त्याला हलकेच दाबून धरायचे. आता समोरच्यांना ९६ यार्ड चालायचे, आणि पुढे पार्कर यांचा बचाव. त्यांचा पाय घसरला की चेंडू आयोवाचा, तोही गोलच्या तोंडाशी. तिथून फील्ड गोल मारायला पास कशाला लागतो? २०२३ मध्ये टेलरने ९३ पंट मारले, ४,४७९ यार्ड. म्हणजे चार किलोमीटरांहून थोडं जास्त. एका हंगामातल्या पंटच्या यार्डांचा १९३८ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. आयोवाच्या संपूर्ण आक्रमणाने त्या हंगामात जेवढं अंतर कापलं त्यापेक्षा टेलरच्या एका पायाने जास्त कापलं. पंट म्हणजेच विजय, असं छापलेले टी-शर्ट आयोवात खपत होते, आणि घालणाऱ्यांच्या चेहऱ्यावर थट्टा किती आणि अभिमान किती हे सांगणं कठीण होतं. पुढे शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघाने टेलरला निवडलं तेव्हा तिथला नवा क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स याने त्याला निरोप धाडला, त्याचा आशय असा की इथे तुला फार काम पडणार नाही.

सगळं खापर मुलावर फोडणं सोयीचं होतं. २५ गुणांची अट मुलाच्या करारात होती. वडिलांचा करार वर्षाला ७० लाख डॉलरचा, २०२९ पर्यंतचा. पण दार सरकवणारा खेळ, जपून राहण्याची वृत्ती, ६-४ने जिंकण्यातलं समाधान, हे ब्रायन यांनी आणलेलं नव्हतं. ते घरात होतंच. चक लाँगच्या काळातला आयोवा कर्क यांनी जवळून पाहिला होता, आणि त्यातून उचलली ती फळी. याचा पुरावा २०२४ मध्ये मिळाला. नवे सूत्रधार टिम लेस्टर आले, हालचाल वाढली, डावपेच ताजे झाले. केलेब जॉन्सनने पळून १,५३७ यार्ड काढले. सरासरी २७.७ गुण. ज्या २५साठी एवढा गाजावाजा झाला ते सहज ओलांडले गेले. आणि पासिंग? देशातल्या तळाच्या संघांतच राहिलं. गुण वाढले ते पळून.

मग पास सुधारायला त्यांनी काय केलं? माणूस आणला. जानेवारी २०२५ मध्ये मार्क ग्रोनोव्स्की आयोवात दाखल झाला. खालच्या गटात दोन राष्ट्रीय विजेतेपदं, तिथल्या सर्वोत्तम आक्रमकाला मिळणारा वॉल्टर पेटन पुरस्कार, एवढं पदरी घेऊन. त्याचं विद्यापीठ साउथ डकोटा स्टेट. सप्टेंबर २०२२ मधल्या त्या ७-३च्या सामन्यात पाहुण्यांचा क्वार्टरबॅक तोच होता. म्हणजे ज्या बचावाने त्याच्या संघाला दोनदा स्वतःच्या गोलपट्टीत गाठलं होतं, त्यांच्याच घरी तो आता सून म्हणून आला.

३० ऑगस्ट २०२५ रोजी किनिक स्टेडियमवर त्याचा आयोवाकडून पहिला सामना झाला, समोर ऑल्बनी. तोही खालच्या गटातलाच संघ. ग्रोनोव्स्कीने १५ पास टाकले, ८ पोचले, ४४ यार्ड मिळाले. आयोवा जिंकला, ३४-७.